मास्तरांचं डिपॉझिट

“ए डिपॉझिट! धूर खाऊन पोट भरलं आसंल तर ये की पुढं!”

खाली रस्त्यावरून वरात चालली होती आणि मोठा ढोल वाजवणारे इस्माईलचाचा मान मागं वळवून ओरडत होते. ज्यांना हाक मारली ते सगळ्यांच्या मागं, जनरेटरच्या गाड्याच्याही मागं, निळ्या धुरात चालत होते. लाल कोट, खांद्यावर सोनेरी गोंडे, हातात क्लॅरिनेट. आदर्श ब्रास बँडचे मालक आणि माझे घरमालक, सखाहरी मास्तर. त्यांनी “चालू द्या” अशी हातानं खूण केली आणि मागंच राहिले.

मी गॅलरीत उभी राहून पावलं मोजत होते. पहिल्या ट्रम्पेटवाल्यापासून मास्तरांपर्यंत एकतीस. मागच्या वरातीत एकोणतीस भरली होती, त्याच्या आधी तेहतीस. वहीत तिसरा आकडा लिहिला आणि सरासरी काढली. मला तेव्हा दुसरं काही करमणुकीचं साधनच नव्हतं.

ही दोन हजार अठराच्या जानेवारीतली गोष्ट. सांख्यिकीत बी.एस्सी. होऊन मी पळसवेढ्याला आले होते, माझं पहिलं काम करायला. तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममधले जुने कागद स्कॅन करून संगणकात चढवायचे. पाच महिन्यांचं कंत्राट होतं. खोली मिळाली ती बँडच्या दुकानावरची. खाली वाद्यं टांगलेली, मागं मास्तर आणि गोदाकाकी यांचं घर, वर मी.

दुसऱ्या दिवशी चहा घेताना मी विचारलं, “मास्तर, बाकीचे बँडमास्तर पुढं चालतात. तुम्ही मागं का?”

“मागनं सूर नीट ऐकू येत्यात,” मास्तर म्हणाले. चौऱ्याहत्तरीचा माणूस, पण पाठ ताठ आणि मिशा काळ्या केलेल्या. “कोण बेसूर वाजवतोय ते पुढनं कळत न्हाई.”

उत्तर पटण्यासारखं होतं, म्हणून मी ते तपासून पाहिलं. पुढच्या वरातीत जनरेटरमागं दहा मिनिटं चालले आणि मोबाइलवर आवाज मोजला. चौऱ्याण्णव डेसिबल. बँडचा एक सूर कानाला लागत नव्हता.

“मास्तर,” सकाळी मी सांगितलं, “तिथं तुम्हाला तुमचं स्वतःचं क्लॅरिनेटसुद्धा ऐकू येत नसणार.”

चूल फुंकत बसलेल्या गोदाकाकींना हसताना ठसका लागला. मास्तरांनी बशीतला चहा संपवला, मिशा पुसल्या आणि म्हणाले, “तुमाला सरकारनं कागद मोजायला ठेवलंय. आमाला कशापायी मोजताय?”

डिपॉझिट या नावाची कथा मात्र इस्माईलचाचांनी न विचारता सांगितली. दुकानाच्या पायरीवर बसून ढोलाच्या दोऱ्या आवळत होते. मास्तर आत पितळी वाद्यांना राख लावत होते आणि प्रत्येक वाक्य त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं चाचा बोलत होते.

“ऐंशी साली बेटा, हा आमदारकीला उभा ऱ्हायला होता. अपक्ष. निशाणी शिडी.”

“कशासाठी?”

“पंगतीसाठी!” चाचांनी मांडीवर थाप मारली. “तवा बँडवाल्याला पंगतीत कोण घेत नव्हतं. नवरदेव मिरवून आणायचा आमी, आन् जेवायला बसायचं सगळ्यांच्या शेवटी, तेबी मांडवाबाहेर. वरण संपल्यालं, लाडू संपल्यालं. ह्येनं सभा घेतली. म्हणाला, ज्येनं वाजवलं त्येला आधी वाढा! टाळ्या काय पडल्या म्हणतीस. तीन तालुक्यांत लग्नं वाजवलेली, घरोघरी ओळख. लोकांनी उचलून धरला.”

“मग?”

“मग काय? पडला. पडला तर पडला, डिपॉझिटबी गेलं! त्येला एकशे सतरा मतं कमी पडली.”

“एकशे सोळा म्हण, सतरा म्हण,” आतून मास्तर म्हणाले. हसतच म्हणाले, पण ट्रम्पेट पुसणारा हात थांबला होता.

“सतराच! मी काय इसरंन व्हय?” चाचा माझ्याकडं वळले. “आन् त्याच्यावर कडी ऐक. निवडून आलेल्याच्या मिरवणुकीला वाजवायला कोण? तर हाच! आठ दिस आधी सुपारी घेतल्याली.”

सुपारी म्हणजे वाजवण्याचं ठरवणं. हातात नारळ-सुपारी आणि सव्वा रुपया पडला की बँड बांधला गेला. मग घरात मयत झालं तरी पार्टी, म्हणजे वाजवणारी मंडळी, जाणार.

“विरोधकाची सुपारी तुम्ही घेतलीत?” मी आत वाकून विचारलं.

“गावात दुसरा बँड व्हता का?” मास्तर म्हणाले. “गिऱ्हाईक दारात आलं. न्हाई कसं म्हणायचं?”

“आणि तुम्हीच निवडून आला असता तर?”

“त्यांचा सव्वा रुपया परत दिला आसता. त्यात काय?”

तिघंही हसलो. पण नंतर मी वरच्या जिन्याला लागले तेव्हा गोदाकाकी हळूच म्हणाल्या, “हसत्यात ते, हसू द्या. पण बाई, अडतीस वर्सं झाली, मत टाकायला जाताना अजून मान खाली घालून जात्यात. केंद्रावरली माणसं म्हणत्यात, या डिपॉझिट मास्तर. ते नाव काय घराचा उंबरा सोडंना. आन् आता इस्माईलभाऊ चालले.”

चाचांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. लग्नसराई संपली की ते भिवंडीला मुलाकडं कायमचे जाणार होते. त्या ऐंशीच्या पार्टीतला तोच एक माणूस उरला होता.

*

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्या टेबलावर निवडणूक शाखेचं एक बासन आलं. लाल कापड, वर करड्या शाईत ‘न नेलेल्या अनामत रकमा’. आत एक पातळ नोंदवही होती. मी एकेक पान काचेवर ठेवत होते, वाचत नव्हते. दिवसाला चारशे पानं करायची तर वाचून चालत नाही. पण अकराव्या पानावर ओळखीचं नाव दिसलं आणि हात थांबला.

घडशी सखाहरी तुकाराम, अपक्ष. अनामत रुपये दोनशे पन्नास. परतावा देय. शेवटच्या रकान्यात बारीक अक्षरात: निकालाचे वेळी उमेदवार हजर नव्हते. अर्ज आला नाही.

देय. म्हणजे सरकारकडून द्यायचे.

पहिला विचार आला की ही चूक आहे. एका नोंदीवर विश्वास ठेवायचा नाही, हे आम्हाला कॉलेजात पहिल्या सत्रात शिकवलं होतं. आकडा दुसऱ्या ठिकाणाहून यायला हवा. मी तीन दिवस जेवणाची सुट्टी रेकॉर्ड रूमच्या फळ्यांवर घालवली. चौथ्या दिवशी ऐंशी सालचं अंतिम निकालपत्र मिळालं, कडा उंदरांनी कुरतडलेलं, पण आकडे शाबूत होते.

मी कागद घेतला आणि मांडणी केली.

झालेलं एकूण मतदान: ५८,९१४. त्याचा सहावा भाग ९,८१९. मास्तरांना पडलेली मतं ९,७०२. एकशे सतरा कमी. चाचांचा आकडा अचूक होता.

पण त्या काळी मत म्हणजे कागदावर शिक्का. शिक्का दोन खणांत पडला, उलटा पडला, पडलाच नाही, की मत बाद. त्या मतदारसंघात १,८०६ मतं बाद झाली होती. आणि नियम झालेल्या मतदानाचा नाही, वैध मतांचा होता. वैध मतांच्या सहाव्या भागापेक्षा जास्त मतं मिळाली की अनामत परत.

५८,९१४ वजा १,८०६. उरले ५७,१०८. त्याचा सहावा भाग ९,५१८.

९,७०२ वजा ९,५१८ बरोबर १८४.

मी ती वजाबाकी तीनदा केली. मग कागद घडी करून पर्समध्ये टाकला आणि त्या दिवशी पहिल्यांदाच चारशे पानं पुरी न करता घरी गेले.

*

“चेष्टा पुरे,” मास्तर म्हणाले.

“चेष्टा नाही. हे बघा.” मी कागद त्यांच्यापुढं धरला. “तुमचं डिपॉझिट जप्त झालंच नाही. एकशे चौऱ्याऐंशी मतांनी वाचलं.”

“लाऊडस्पीकरवर सांगितलं व्हतं. मी ह्या कानांनी ऐकलं. सहाव्या भागाला एकशे सतरा कमी.”

“कोणी सांगितलं? निवडणुकीच्या साहेबांनी?”

मास्तर आठवून म्हणाले, “न्हाई. त्यांच्या कार्यकर्त्यानं. जीपवर कर्णा लावला व्हता.”

“त्यानं बाद मतं धरून भाग काढला. साहेबांनी निकाल जाहीर केला तेव्हा तुम्ही कुठं होता?”

“ते जाहीर करूस्तवर मी कशाला थांबू? मिरवणूक व्हती ना! कोट घालायचा, पार्टी गोळा करायची, क्लॅरिनेटला पत्ती लावायची...”

ते बोलता बोलता थांबले. मीही थांबले. दोघांच्याही लक्षात एकदमच आलं होतं. ज्या घटकेला मतमोजणीच्या गोदामात साहेब बरोबर आकडा वाचत होते, त्या घटकेला सखाहरी मास्तर दुकानात विरोधकाच्या मिरवणुकीसाठी कोटाच्या गुंड्या लावत होते.

दारात गोदाकाकी हातात पीठ घेऊन उभ्या होत्या. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी फक्त एवढंच विचारलं, “म्हंजे अडतीस वर्सं उगंच धूर खाल्लात?”

मास्तरांनी त्यांच्याकडं पाहिलं नाही. मला प्रश्न पडला की डिपॉझिटचा आणि धुराचा काय संबंध? पण मास्तरांचा चेहरा बघून तेव्हा विचारलं नाही.

*

उपकोषागारात झरकर नावाचे अधिकारी होते. निवृत्तीला चार महिने राहिलेले, टेबलावर डबा, डब्याशेजारी नियमांचं जाड पुस्तक. त्यांनी मी आणलेल्या दोन्ही झेरॉक्स चष्मा कपाळावर सरकवून वाचल्या.

“मास्तर, माझ्या लग्नात तुमचाच बँड होता,” ते म्हणाले. “बसा. ही रक्कम तीन वर्षांनी सरकारजमा झाली. पण म्हणून तुमचा हक्क गेला नाही. महालेखापालांची मंजुरी मागवायची, ती आली की रक्कम मिळते.”

“आडीचशे रुपयांसाठी मुंबईला कागूद?” मास्तर अवघडून म्हणाले. “साहेब, लाज वाटती.”

“पुस्तकात लाजेचं कलम नाही.” झरकरांनी पुस्तकावर बोट आपटलं. “व्याज मात्र मिळायचं नाही. अडीचशे म्हणजे अडीचशे.”

“व्याज नको. किती दिस लागतील?”

“मूळ चलन असेल तर दोन-अडीच महिने. पैसे भरल्याची पावती, ती चलनाची प्रत. आहे ना?”

मास्तरांनी माझ्याकडं पाहिलं.

“नसेल तर?” मी विचारलं.

“तर हमीपत्र, दोन जामीनदार, प्रतिज्ञापत्र, वर्तमानपत्रात जाहिरात. सहा-आठ महिने धरा. आणि जाहिरातीलाच दोन हजार लागतील.”

बाहेर आल्यावर मी बोटांवर हिशेब केला. चाचा जाणार मेच्या शेवटी. सहा महिने म्हणजे ऑगस्ट. मास्तरांनीही तोच हिशेब केला असावा, कारण जिना उतरताना ते म्हणाले, “इस्माईल असताना झालं आसतं तर बरं झालं आसतं. तो गेल्यावर आलं काय आन् न आलं काय.”

चलन शोधायला आम्ही दुकान उपसलं. सतरा वर्षांच्या सुपाऱ्यांच्या वह्या निघाल्या, एका फाटक्या टोपीत झुरळं निघाली, काकींची बारा वर्षांपूर्वी हरवलेली किसणी निघाली. चलन निघालं नाही.

“त्या दिशी कोटाच्या खिशात व्हतं,” मास्तर म्हणाले. “मिरवणुकीत कुणाला तरी दिलं. कुणाला ते आठवंना.”

पायरीवर बसलेले चाचा आतापर्यंत टोमणे मारत होते. आता ते ढोलावर हात ठेवून बसले. मी वळून पाहिलं.

“मला,” चाचा म्हणाले.

“तुला? मग कुठंय?”

चाचांनी मांडीवरच्या ढोलाकडं बोट केलं.

*

झालं होतं ते असं. मिरवणूक पेठेत आली असताना ढोलाचं लाकडी कडं सैल झालं आणि खडखडायला लागलं. प्रत्येक ठोक्याला ढम्मच्या जागी ढम-खड्ड. चाचांनी चालता चालता पाचर मागितली. मास्तरांनी खिशात हात घातला तर हाताला चलन लागलं. डिपॉझिट तर गेलंच, आता हा कागद कशाला ठेवायचा? त्याची घडीवर घडी केली आणि दिली. चाचांनी ती कडं आणि पिंप यांच्या फटीत ठोकली. खडखड थांबली. तेव्हापासून त्या ढोलाची कातडी नऊ वेळा बदलली, दोऱ्या कितीदा बदलल्या, पण पाचर कोणी हलवली नाही.

“आन् आताबी हलवू देणार न्हाई,” चाचा म्हणाले. “ह्या ढोलाचा आवाज त्या पाचरीवर हाय. परवा मोठी सुपारी हाय. बिघडला तर?”

“इस्माईल, कागूद हाय त्यो.”

“तुला कागूद आसंल. मला सूर हाय.”

“अरे, त्यात माझं डिपॉझिट हाय!”

“तुझं? तुझं कवा झालं?” चाचा एकदम कडाडले. “त्यातला तुझा एक रुपाया तरी हाय का?”

मास्तर उठून मागच्या घरात गेले. चाचांनी पान थुंकलं, थोडा वेळ ढोलावर बोटं वाजवली. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, “बोलू नये ते बोललो.”

“चाचा, पैसे कोणाचे होते?”

“आमचे. पार्टीत अकरा जण व्हतो. ह्येच्याकडं तवा चाराणेबी नव्हते. पार्टीनं जमा केले. एका लग्नाचे माणशी आठ-धा रुपये मिळायचे तवा. ज्येनं त्येनं तीन-तीन लग्नांचं सोडलं, कुणी बायकोची जोडवी ठेवली. पडल्यावर ह्येनं परत द्यायला काढले. कुणी घेतलं न्हाईत. आमी म्हणलं, उसने दिले नव्हते मास्तर, तुझ्यावर लावले व्हते. गेले तर गेले.”

“मग?”

“मग दुसऱ्या वरातीला हा गडी मागं जाऊन उभा ऱ्हायला. पुढं ये म्हणलं, तर म्हणाला, ज्येनं तुमचे पैसे बुडवले त्येनं तुमच्या पुढं चालू नये. आमाला वाटलं, आठ दिस रुसंल.” त्यांनी डोळे पुसले, मोतीबिंदूचं पाणी असेल. “मी मुद्दाम डिपॉझिट म्हणतो बेटा. म्हणलं चिडंल, भांडंल, आन् भांडायला तरी पुढं यील. न्हाई आला. धा जण वर गेले, तरी न्हाई आला.”

माझ्या वहीतल्या सगळ्या सरासऱ्या मला त्या क्षणी आठवल्या. एकतीस, एकोणतीस, तेहतीस.

“चाचा,” मी म्हटलं, “पाचर केवढ्या जाडीची आहे?”

“काय ठाव. दीड सूत आसंल.”

“मी तेवढ्याच जाडीची दुसरी करून दिली तर?”

त्यांनी माझ्याकडं संशयानं पाहिलं. “सूर हलला तर?”

“हलला तर मी स्वतः झांज घेऊन परवाच्या वरातीत वाजवीन.”

“मग तर सुपारीच जाईल,” चाचा म्हणाले, पण दोऱ्या सोडायला लागले.

पाचर चिमट्यानं काढावी लागली. काळी पडली होती, लाकडाचा ठसा तिच्यावर उमटला होता. काकींनी ती वाफेवर धरली आणि मी घडी एकेक करून उलगडली. घड्यांवर चिरा गेल्या होत्या, पण चलनाचा क्रमांक, तारीख आणि गोल शिक्का स्पष्ट दिसत होते. भरणाऱ्याचं नाव: सखाहरी तुकाराम घडशी. मास्तर आतून आले होते आणि खांबाला धरून उभे होते.

नव्या पाचरीसाठी मला दणकट कागद हवा होता. पर्समध्ये हात घातला तर माझा वजाबाकीचा कागद मिळाला. ५८,९१४ वजा १,८०६. त्याला मी दुसरा कागद जोडला, घड्या घातल्या, फूटपट्टीनं जाडी मोजली, पुन्हा एक घडी वाढवली. चाचांनी ती ठोकली, दोऱ्या आवळल्या, कान लावला आणि एक ठोका दिला.

ढम्म.

“जमलं,” ते म्हणाले. “पण जुन्याची सर न्हाई.” हे मात्र ते कशाबद्दलही म्हणायचे.

*

झरकरांनी चलन पाहून त्याला नमस्कारच केला. कागद मुंबईला गेले. मार्च गेला, एप्रिल गेला. मास्तर वरातीत मागंच चालत होते. मी एकदा म्हटलं, “आता तर कळलंय ना, पैसे बुडाले नाहीत?” तर म्हणाले, “कळणं येगळं आन् हातात पडणं येगळं. इस्माईलच्या हातावर ठेवीन, मग बघू.”

चाचांची गाडी अठ्ठावीस मेची होती. चोवीसला सकाळी मास्तरांचा मोबाइल टुणकन वाजला. त्यांनी तो लांब धरून पाहिला आणि मला खालून हाक मारली. खात्यात २५० रुपये जमा.

आम्ही दोघं एटीएमवर गेलो. यंत्र अडीचशे द्यायला तयार होईना. दोनशे घ्या, नाहीतर तीनशे घ्या.

“मशिनीला सांगा, मला दुसऱ्याचे पन्नास नकोत,” मास्तर म्हणाले.

शेवटी बँकेत रांग लावून, स्लिप भरून ते अडीचशे काढले. दुकानात आल्यावर मास्तरांनी नोटा चाचांपुढं ठेवल्या.

“पार्टीचे पैसे,” ते म्हणाले. “मोजून घे.”

चाचांनी नोटांना हात लावला नाही. “अकरा जणांचे हायेत. मी एकटा कसा घिऊ? बेटा, माणशी किती?”

“बावीस रुपये त्र्याहत्तर पैसे,” मी म्हणाले. “आणि तरी तीन पैसे जास्त होतात.”

“मी वरचे त्र्याहत्तर पैसे सोडले,” चाचा म्हणाले आणि बावीस रुपये मागितले. सुटे नव्हते. काकींनी डब्यातून काढून दिले.

उरलेल्या दहा घरांना पाकिटं करायला मी मदत केली. पाकिटावर नाव, आत बावीस रुपये. मास्तर दोन दिवस उन्हातून हिंडले. कुणाची सून दारात आली, कुणाचा नातू. एका घरात तर समजेना की हा म्हातारा बावीस रुपये का देतोय. त्यांनी सगळ्यांना पहिल्यापासून गोष्ट सांगितली, बाद मतांसकट. एका विधवा बाईंनी पाकीट देवापुढं ठेवलं आणि मास्तरांना म्हणाल्या, “भावजी, ह्येंनी मरताना तुमचंच नाव घेतलं व्हतं. म्हणाले, मास्तरला म्हणावं पुढं चाल.”

हे मला मास्तरांनी सांगितलं नाही. काकींनी सांगितलं.

आठ रुपये उरले. त्यात एकच पेढा आला. तो ढोलावर ठेवून नमस्कार केला आणि चौघांनी वाटून खाल्ला.

*

सव्वीस मेला संध्याकाळी चाचांची शेवटची वरात होती. ट्रॅक्टरच्या शोरूमवाल्याची मुलगी, पेठेतून मांडवापर्यंत. मी गॅलरीत वही घेऊन उभी राहिले. दुकानापुढं पार्टी जुळत होती. पुढं ट्रम्पेटवाले, मग सॅक्सोफोन, मग ताशे, मग चाचांचा ढोल, मग जनरेटर.

मास्तर बाहेर आले. कोटाला नव्या गुंड्या होत्या. ते पार्टीच्या पुढच्या टोकाला जाऊन उभे राहिले, क्लॅरिनेट ओठाला लावलं. मग काय झालं कोण जाणे, त्यांनी ते खाली घेतलं. अडतीस वर्षांची सवय पायात असते. मान खाली घालून ते बाजूनं मागं निघाले. ट्रम्पेट ओलांडले. सॅक्सोफोन ओलांडला. ताशे ओलांडले.

चाचांना नीट दिसत नव्हतं, पण ती चाल त्यांना ओळखू आली. त्यांनी ढोल आडवा केला आणि रस्ता अडवला.

“कुठं?”

“जनरेटर बघून येतो.”

“जनरेटरला काय झालं न्हाई. बावीस रुपये मिळाले मला. हिशेब पुरा झाला. आता माझ्या म्होरं चाल.”

“इस्माईल, लोक बघत्यात.”

“बघू देत की! अडतीस वर्सं त्यांनी तुझी पाठसुदिक बघितली न्हाई.” चाचांनी टिपरू उगारलं. “जातोस, का हाणू?”

मास्तर हसले. मी त्यांना तसं हसताना आधी पाहिलं नव्हतं. ते वळले, ताशे, सॅक्सोफोन, ट्रम्पेट सगळं ओलांडून पार पुढं गेले आणि मागं न बघता हात वर केला.

“ए डिपॉझिट!” मागून चाचा ओरडले. “वाजव!”

ढोलाचा पहिला ठोका पडला, ढम्म, माझ्या वजाबाकीसकट. क्लॅरिनेट उंच सुरात निघालं आणि पार्टी त्याच्यामागं चालू लागली. वरात मारुतीच्या देवळापाशी वळेपर्यंत मी बघत होते.

ती वही अजून माझ्याकडं आहे. त्या पानावर तारीख आहे, वेळ आहे, आणि पहिल्या वादकापासून मास्तरांपर्यंतच्या अंतराच्या रकान्यात, मोजायची गरज नसताना दोनदा तपासून लिहिलेलं, एक ठळक शून्य आहे.